दोनच पिझ्झ्यांची खानावळ

नापोली (इटलीतले नेपल्स), बुधवार, रात्री

आज दुपारी आईला घेऊन चेझारे सेर्साले रस्त्यावरच्या 'दा मिकेले' या पिझ्झाच्या खानावळीत जेवून आलो. ती चव अजून जिभेवर आहे, म्हणून झोपण्यापूर्वी हे लिहून ठेवतो आहे. ती चालवणारे कोंदुर्रो कुटुंब १८७० पासून पिझ्झा करत आले आहे आणि १९३० पासून ते याच जागेत आहे. अनेक दशके येथे मारिनारा आणि मार्गरीता हे दोनच पिझ्झे मिळत असत. पुढे त्यांत थोडी भर पडली असली, तरी लोक अजूनही या दोहोंसाठीच येतात.

दारावर क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि रस्त्यावर उभे राहायचे, अशी येथील रीत आहे. आमचा क्रमांक ६३ होता. तो इटालियनमध्ये पुकारला जाणार होता, म्हणून शेजारच्या आजोबांकडून 'सेस्सांतात्रे' हा शब्द मी दोनदा म्हणवून घेतला. आत जायला सव्वा तास लागला. सत्तरीतल्या आईला इतका वेळ उभे केल्याचे मला वाईट वाटत होते; पण आत संगमरवरी टेबलाशी बसल्यावर तिची नजर भट्टीवर खिळली ती खिळलीच.

पिठाचा गोळा ओट्यावर घेऊन पिझ्झा करणारा माणूस बोटांनी मधून कडेकडे दाबत जाई, म्हणजे आतली हवा काठाशी गोळा होई. मग हातावर एक-दोनदा उलटवून तो गोळा ताटाएवढा करी. "लाटणं नाहीच रे याच्याकडे, भाकरीसारखं हातानंच थापतोय," आई म्हणाली. तिने अचूक मर्म हेरले होते. नापोलीच्या पिझ्झ्याला लाटणे वर्ज्य आहे, कारण लाटण्याने आतली हवा निघून जाते आणि काठ फुगत नाही. या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज काहीही नसते आणि ते कित्येक तास फुगत ठेवावे लागते. युनेस्कोने २०१७ मध्ये नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. आज ते हात जवळून पाहताना मला तो मान अगदी रास्त वाटला.

लाकडाच्या भट्टीत ४०० अंशांहून अधिक उष्णता असते, त्यामुळे पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. घरच्या ओव्हनमध्ये त्याला दहा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पिठातला ओलावा उडून जातो. येथे मात्र काठावर काळे ठिपके पडले होते, आतला भाग लुसलुशीत होता आणि मधोमध टोमॅटोचा रस इतका पातळ होता की उचललेल्या तुकड्याचे टोक खाली लोंबे. पिझ्झा न कापताच समोर येतो आणि ताटाच्या कडेबाहेर पसरलेला असतो.

मी टोमॅटो आणि चीज असलेली मार्गरीता मागवली होती आणि आईसाठी मारिनारा. मारिनारा या नावाचा संबंध दर्यावर्दी लोकांशी आहे, पण त्यात मासळी नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते, चीजही नसते. चीजशिवाय कसला पिझ्झा, असे आजवर माझे मत होते. मार्गरीता उत्तम होती, यात शंका नाही. पण आईच्या ताटातला पहिला घास घेतला आणि टोमॅटोची आंबटगोड चव, गरम तेलात उतरलेला लसणाचा वास आणि भाजलेल्या पिठाचा किंचित कडवटपणा हे सारे वेगवेगळे जाणवले. चीजखाली यातले बरेचसे झाकले जाते, हे मला आज प्रथमच उमगले.

आईने काठाचा तुकडा मोडून आतली जाळी मला दाखवली, बोटाने दाबून ती पुन्हा वर येते का हे पाहिले आणि त्याच तुकड्याने ताटातला उरलेला रस निपटून घेतला. एरवी बाहेरचे जेवण ती अर्धे टाकते. आज तिने स्वतःच वाढप्याला खूण केली आणि आम्हा दोघांत आणखी एक मारिनारा मागवली.