बेटकुळीची वाट

उसाचा हंगाम, तिन्हीसांजेची वेळ आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली. कऱ्हाडकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. दुचाकी तिच्यावर धडकली. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण उजव्या खांद्यावर आपटलो. खांदा खाली दाबला गेला आणि मान दुसरीकडे हिसकली.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष मोडलेल्या कॉलर बोनकडे. बोटं हलत होती, मूठ वळत होती. हात मात्र कोपरातून वाकत नव्हता, खांद्यातून उचलत नव्हता. "नस दबलीय, येईल हळूहळू," हे ऐकून बी-१२ च्या गोळ्या घेत राहिलो. शेजारच्या गावचा मालिशवालाही कुणीतरी सुचवला, तो मात्र टाळला.

हाड जुळत आलं तरी बेटकुळी मेल्यासारखीच, हे पहिल्यांदा बोलून दाखवलं फिजिओथेरपीच्या मॅडमनी. मानेतून हाताच्या नसांची सी-५ ते टी-१ अशी पाच मुळं निघतात आणि कॉलर बोनच्या मागे एकमेकांत मिसळून हाताकडे जातात. नसांचं हे जाळं म्हणजेच ब्रेकियल प्लेक्सस. तिथे मार असेल तर थांबून चालणार नाही, म्हणून त्यांनी पुण्याला पाठवलं.

तिथे ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नसा आणि स्नायूंची विजेवरची तपासणी झाली. ही तपासणी अपघातानंतर लगेच करून उपयोग नसतो, नस तुटल्याच्या खुणा दिसायला तीन-चार आठवडे जावे लागतात. माझा अंगठा पूर्ण बधिर होता, पण त्याची संवेदना नेणारी नस मशीनवर चांगली दिसली. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. नस चांगली आणि अंगठा बधिर, म्हणजे तुटलंय ते त्याच्याही वर, मणक्यापाशी. एमआरआयमध्ये तेच निघालं. सी-५ आणि सी-६ ही दोन मुळं मज्जारज्जूपासून उपटली होती. उपटलेलं मूळ परत टाके घालून जोडता येत नाही.

मग उपाय एकच, नर्व्ह ट्रान्सफर. म्हणजे चालू नसेचा थोडा भाग घेऊन बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडायचा. मी धंद्याने वायरमन, हे ऐकल्यावर सर्जन खूश झाले. "तुम्हाला काय समजवायचं, दुसऱ्या लाइनवरून सप्लाय घ्यायचा!" पण आमच्याकडे जोड दिला की दिवा लागतो. इथे जोडलेली नस रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढते. आणि स्नायू वर्षभराहून जास्त बिनानसेचा राहिला, तर नस पोहोचूनही तो दाद देत नाही. म्हणून ही शस्त्रक्रिया शक्यतो तीन ते सहा महिन्यांत करतात. माझा चौथा महिना चालू होता.

आई ऐकेना. "चालता पंजा कशाला बिघडवायचा?" प्रश्न रास्त होता. बेटकुळीसाठी नस घेणार होते ती पंजाकडे जाणाऱ्या अल्नर नसेतून. सर्जननी कागदावर काढून दाखवलं. या नसेत तंतूंच्या अनेक जुड्या असतात. विजेच्या बारीक झटक्याने एकेक तपासायची आणि मनगट वाकवणारी एखादीच घ्यायची, कारण ते काम करणारे आणखी स्नायू आहेत. फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली. खांद्यासाठी आणखी दोन जोड होते. एक खांदे उडवणाऱ्या नसेच्या खालच्या टोकाचा, दुसरा ट्रायसेप्सच्या, म्हणजे दंडामागच्या स्नायूच्या, नसेच्या एका फांदीचा.

शस्त्रक्रियेबद्दल मी काय सांगणार? सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा अंधार पडला होता. नसा तपासता याव्यात म्हणून भूल देताना स्नायू ढिले पाडणारं औषध टिकू देत नाहीत, एवढं भूलतज्ज्ञांनी आधी सांगितलं होतं. करंगळीला काही आठवडे मुंग्या होत्या, मग गेल्या. हात तीन आठवडे छातीशी बांधलेला.

खरी परीक्षा त्यानंतर. काहीच होत नाही. नातेवाईक फोन करतात, "फरक पडला का?" सांगायला काही नसतं. रात्री अंगठ्यापासून दंडापर्यंत करंट लागल्यासारखी कळ यायची. लुळ्या हाताला इतकं दुखतं हे घरच्यांनाही खरं वाटत नव्हतं. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबॅलिन गोळीने झोप लागायची, पण सकाळ जड जायची.

व्यायाम विचित्र होता, कारण बेटकुळी आता पंजाकडच्या नसेवर चालायची होती. आरशासमोर बसून मूठ आवळायची, मनगट आत वाकवायचं आणि त्याच वेळी डाव्या हाताने उजवं कोपर वाकवायचं. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात एकदा मूठ आवळताना दंडात काहीतरी फडफडलं. बायकोला हात लावायला सांगितला. तिलाही जाणवलं. पुढे टेबलावर कॅरमबोर्ड ठेवला, पावडर टाकली, त्यावर हात आडवा ठेवून कोपर वाकवायचो, कारण वजन उचलायची ताकद अजून नव्हती. पोरगा सोंगट्या घेऊन रांगेत उभा.

ताकद आली तरी मेंदूला नवी जोडणी कळेना. चहाचा ग्लास घट्ट धरला की कोपर आपोआप वर यायचं आणि चहा शर्टावर. मूठ आणि कोपर वेगळे व्हायला जवळपास वर्ष गेलं. आता कोपर वाकवताना मुठीचा विचार करावा लागत नाही.

आज दोन किलोची पिशवी उचलतो, पॅनेलची कामं करतो. हात खांद्याइतका वर जातो, त्यापुढे नाही, त्यामुळे छताचे पंखे भाऊ बसवतो. मोठी अडचण वेगळीच आहे. खांदा बाहेर वळत नाही. कोपर वाकवलं की पंजा पोटाकडे येतो, घास तोंडापर्यंत न्यायला मान खाली घालावी लागते. सर्जन म्हणतात, दंडाचं हाड कापून थोडं बाहेर फिरवून बसवलं तर हे सुधारेल. आई पुन्हा नको म्हणतेय. मी दिवाळीनंतर तारीख मागितली आहे.