ताई, माझे पाच तास कुठं गेले?

पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पॅकिंग बघणाऱ्या मावशी छोटी डायरी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझे पाच तास कुठं गेले?" आमच्याकडे तेव्हा नऊ माणसं होती, त्यातली चार तासावर आणि बाकीची महिन्याच्या पगारावर, आणि सगळं पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोब, मी एक्सेलमध्ये करायचे. डायरीत पेनानं रोजची ओळ होती, साडेआठ तास, साडेआठ तास, अशा 26 ओळी. माझ्या शीटमध्ये त्याच 26 दिवसांसमोर 8.30 लिहिलेलं. हजेरीच्या मशीनवर 8:30 दिसायचं, मी ते तसंच उतरवून घ्यायचे आणि पुढं दर गुणिले तास. पण 8.30 म्हणजे साडेआठ नाही ना, गुणाकारात ते 8 तास 18 मिनिटं होतं, साडेआठ म्हणजे 8.5. रोजची 12 मिनिटं गेली, 26 दिवसांची 312, म्हणजे 5 तास 12 मिनिटं. मावशींचा हिशोब तंतोतंत बरोबर होता.

त्या रात्री मी मागचे सगळे महिने उघडले, तासावर काम करणाऱ्या चौघांचीही थकबाकी काढली आणि त्याच आठवड्यात देऊन टाकली. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे की मावशींकडे डायरी होती म्हणून कळलं, बाकी तिघांकडे काहीच नव्हतं, त्यांना मी दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याशिवाय मार्गच नव्हता. तेव्हापासून मी पेरोलकडे एकाच नजरेनं बघते, पगाराची स्लिप हातात आल्यावर माणसाला स्वतः बसून आपला पगार जुळवता आला पाहिजे, मला न विचारता. पगाराच्या वेळी त्यातला तपशील कामगाराला कळलाच पाहिजे हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1949 च्या 95 क्रमांकाच्या करारातही आहे, म्हणजे हे काही माझं नवीन डोकं नाही.

जुळवता यावं म्हणायला सोपं आहे, पण बसलात की कळतं किती गोष्टी आपण मनात ठरवलेल्या असतात आणि कुणाला सांगितलेल्याच नसतात. सगळ्यात मोठी म्हणजे भागायचं कितीनं. महिन्याचा पगार 31000 धरा. एक दिवस खाडा झाला तर किती कापायचे? 31 नं भागलं तर 1000, 30 नं भागलं तर 1033, आणि रविवार सोडून महिन्याचे कामाचे दिवस साधारण 26 धरून त्यानं भागलं तर 1192. तिन्ही पद्धती लोक वापरतात, तुमच्या कायद्यात ठरवून दिलेली असेल तर प्रश्नच नाही, पण एक धरली की वर्षभर तीच, आणि ती लेखी. 26 वाल्यात अजून एक खोच आहे जी मला एका मुलाच्या पहिल्या पगाराला सापडली, तो महिन्याच्या मध्ये लागला, त्या महिन्यात कामाचे दिवस 27 होते आणि तो आला 10 दिवस. आलेल्या दिवसांचे मोजले तर 11923 होतात, आणि पूर्ण पगारातून न आलेल्या 17 दिवसांचे कापले तर 10731. माणूस तोच, महिना तोच, आणि फरक अख्ख्या एका दिवसाचा! आता आमच्याकडे मधे लागणाऱ्याला आणि मधे सोडणाऱ्याला कायम आलेले दिवस मोजूनच, आणि भागाकार कितीचा ते स्लिपवर छापलेलं असतं.

दुसरं कट-ऑफ. महिनाअखेरीला पगार द्यायचा तर हजेरी कुठंतरी आधी थांबवावीच लागते, आमची 25 ला थांबते, त्यानंतरचा ओव्हरटाइम आणि बिनपगारी रजा पुढच्या महिन्यात. हे सांगितलेलं नसेल तर 28 ला थांबून काम केलेल्या माणसाला वाटणारच की आपले पैसे बुडाले. स्लिपवर "26 ते 25" एवढं छापलं आणि ते विचारणं बंद झालं. दर दोन आठवड्यांनी पगार देत असाल तर आधीच बघून ठेवा, वर्षात 26 पगार होतात, 24 नाही, म्हणजे दोन महिने असे येतात की त्यात तीन वेळा पैसे काढायचे असतात.

कपातीबद्दल मी जरा कडक आहे. पगारातून कापलेला कर, फंड, जे काही असेल ते आपले पैसे नाहीतच, माणसाचे आहेत आणि आपण फक्त पोचवणारे. गल्ल्यात चणचण असली की ते तात्पुरते वापरायचा मोह होतो, म्हणून पगाराच्या दिवशीच कपात आणि त्यावर मालकाचा जो हिस्सा असतो तो, दोन्ही मी वेगळ्या खात्यात टाकते. नवीन माणूस घेतानाही हा हिस्सा धरूनच खर्च काढा, नुसता ठरलेला पगार धरून नाही. उचल दिली असेल तर स्लिपवर किती दिली, किती फिटली, किती राहिली, तिन्ही आकडे.

पुढं सॉफ्टवेअर घेतलं, पण दोन महिने एक्सेल आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवलं आणि प्रत्येकाचा हातात येणारा पगार जुळवला, जुळला नाही तिथं कारण सापडेपर्यंत पुढं गेले नाही. वर्षाच्या मधे बदललंत तर आधीच्या महिन्यांचे पगार, कर आणि रजांचे शिल्लक आकडे आत भरावे लागतात, नाहीतर वर्षाचा कर चुकतो. आणि "माझं बँक खातं बदललंय" असा मेसेज आला तर त्या माणसाला त्याच्या जुन्या नंबरवर फोन करा, मगच बदला, असे खोटे मेसेज पाठवून पगार पळवतात.

आता स्लिप पगाराच्या एक दिवस आधी देते. परवा मावशींनी डायरी स्लिपशेजारी ठेवली, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेल्या आणि 14 तारखेला थांबल्या. त्या दिवशी लाईट गेलेली, मशीनवर जायची वेळ उमटली नव्हती, आणि त्या 20 मिनिटं जास्त थांबल्या होत्या. सुपरवायझरला विचारलं, हो म्हणाला, 20 मिनिटं घातली आणि मग पगार सोडला.