कूलरची पट्टी

रविवार, जुलै. रात्रीचे साडेअकरा.

बाबांनी आज सकाळी गच्चीवरच्या खोलीतला कूलर बंद केला. वाळ्याच्या ताट्या उपसून कठड्याला उभ्या केल्या, टाकीतलं गढूळ पाणी मोरीत ओतलं, पंप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला. दरवर्षीचंच काम. नागपुरात पाऊस लागला की कूलर थंडावा देत नाही, नुसतं अंग चिकट करतो. मी म्हटलं, "अजून आठ दिवस राहू द्या ना." ते म्हणाले, "काऊन? तुले का पावसात कूलर लागते?"

आता त्यांना काय सांगणार. आमचं एक गाणं त्या कूलरमध्ये अडकलं आहे.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्हीच विसरून जाऊ की हे झालं कसं.

आम्ही चौघं. चार वर्षं झाली, बँडला नाव नाही. एका कॉलेजच्या कार्यक्रमात निवेदिकेनं नाव विचारलं तेव्हा आमचा ड्रमर म्हणाला, "लिहा काही पण." तिनं खरंच तसंच पुकारलं: "आणि आता येत आहेत... काही पण!" तेव्हापासून मित्रमंडळीत तेच चालतं. काय वाजवता असं कोणी विचारलं की मी इंडी पॉप म्हणतो, आणि समोरचा "म्हणजे हिंदी पॉप का?" असं विचारतो. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं. १९८६ साली इंग्लंडच्या एनएमई साप्ताहिकानं सी८६ नावाची एक कॅसेट काढली होती, २२ बँडची २२ गाणी. गिटारी जरा किणकिणत्या, गाणारे जरा लाजरे, रेकॉर्डिंग जरा कच्चं. त्या आवाजाला पुढे इंडी पॉप हे नाव चिकटलं. हे सगळं मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे पैसे नसलेल्या पोट्ट्यांचं म्युझिक." व्याख्या म्हणून वाईट नाही.

बाबा स्वतः ऑर्केस्ट्रात किशोर गायचे. गणपतीचे दहा दिवस ते घरी जेवायला नसायचे. मी गिटार शिकलो सदर भागात, चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणाऱ्या एका सरांकडे. त्यांनी दोन वर्षं मला फक्त प्रार्थनागीतं वाजवायला लावली. कंटाळा यायचा, पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना आतला एखादा सूर तसाच धरून ठेवायचा, ही सवय तिथलीच. बासवाला कमाल चौकाकडचा. १४ एप्रिल आणि दसऱ्याच्या आसपास त्याला प्रॅक्टिसला बोलवण्यात अर्थ नसतो, तो भीमगीतांच्या स्टेजवर असतो. तिथं त्यानं की-बोर्डवर डाव्या हातानं बास वाजवला, तोच हात आता चार तारांवर आला. कमीत कमी सुरांत माणसं उभी करायची असतात हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. ड्रमर लग्नाच्या बँड पार्टीतला. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, फक्त तो कधीही हळू वाजवू शकत नाही.

आणि पेटीवाली. आमच्यात पेटी आहे हे ऐकून लोकांना गंमत वाटते. तिचे आजोबा काटोलकडचे, तुकडोजी महाराजांच्या भजनांचं मंडळ चालवायचे. खंजिरी, टाळ आणि ही पेटी. आजोबा गेले, मंडळ विस्कटलं, पेटी नागपुरात आली. भात्याचं कापड दोनदा बदललंय, तीन पट्ट्या दाबल्या की खट्‌ वाजतात, आणि सगळी पेटी मुळातच चढी आहे. मोबाईलच्या ट्यूनरवर धरली तर काटा सगळीकडे उजव्या बाजूला. पितळी पात्या खरवडून ती उतरवता येते म्हणे. पेटीवाली म्हणते, आजोबांनी ज्या पट्टीत महाराजांचं भजन म्हटलं ती पट्टी मी खरवडणार नाही. तुम्ही तुमच्या गिटारी लावा.

आम्ही लावतो. तिला कोण नाही म्हणणार.

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४५ डिग्री, आमची खोली टिनाची, म्हणून प्रॅक्टिस रात्री नवानंतर. त्या दिवशी पेटीवाली आली नव्हती, मी मोबाईलवर गिटार लावली. कूलर फुल स्पीडवर. मी सहज खालच्या तारेवरचा जी धरला, म्हणजे आमच्या भाषेत पांढरी पाच, आणि खोली धडधडायला लागली. आवाज फुगायचा, बसायचा, फुगायचा, बसायचा. आधी वाटलं गिटारीची वायर गेली. मग बासवाल्यानं कूलरचं बटण बंद केलं. धडधड थांबली. चालू केलं, परत सुरू.

नंतर शोधून काढलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. मोटरमधल्या लोखंडाला प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढ बसते, म्हणून मोटर १०० हर्ट्झवर गुणगुणते. गिटारीचा तो जी ९८ हर्ट्झचा. दोन्ही एकदम वाजले की फरकाइतके ठोके ऐकू येतात, सेकंदाला दोन. तानपुरा लावताना तारा जुळत आल्या की जे लाटेसारखं ऐकू येतं, तेच हे. पण त्या रात्री यातलं काही माहीत नव्हतं. ड्रमर मांडीवर बोट आपटत बसला होता. म्हणाला, "अबे, हा एकशेवीसचा टेम्पो आहे." त्यानं हाय-हॅट धरला आणि आम्ही एका कॉर्डवर वीस मिनिटं वाजवत राहिलो. फक्त जी.

चाल आली, शब्द नव्हते. आमच्याकडे शब्द नेहमी शेवटी येतात. आधी तोंडाला येईल ते गायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, नंतर त्या जागी खरे शब्द बसवायचे. पॉल मॅकार्टनीनं १९६५ साली ‘येस्टर्डे’च्या जागी अंडाभुर्जीचे शब्द घालून चाल धरून ठेवली होती, हे वाचल्यापासून आम्हाला आमच्या बावळटपणाची लाज वाटत नाही. आमचे त्या रात्रीचे शब्द होते, "एक प्लेट तर्री दे". मुखडा तीन आठवडे तसाच होता. बासवाल्याच्या बहिणीला तर ते खरंच तर्री पोह्यांवरचं गाणं वाटायचं, आणि तिला ते आवडायचंही.

मग दादा पुण्याला गेला. नोकरी. यात नवीन काही नाही, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातलं एक पोट्टं पुण्यात आहे. संध्याकाळची बस होती, आईनं चिवड्याचा डबा आणि संत्रा बर्फी दिली. मी बॅग डिकीत ठेवली. खिडकीतून तो काहीतरी बोलत होता, काच बंद, काही ऐकू आलं नाही. बस निघाली तशी आई कोणाला तरी फोनवर सांगत होती, "हओ, जाऊन राहिला ना तो. आत्ताच बस निघाली."

घरी येताना स्कूटरवर मी ते चालीवर म्हणून पाहिलं. तू जाऊन राहिला. एक प्लेट तर्री दे. चपखल.

मी आधी तिथं "तू निघून चाललास" घालून बघितलं होतं. तो शेवटचा ‘स’ माइकमध्ये साप सोडल्यासारखा वाजतो, आणि त्यावर सूर लांबवता येत नाही. "जातोयस" म्हणा, तोच त्रास. नागपुरात आपण तो ‘स’ लावतच नाही. "राहिला" म्हटलं की तोंड ‘आ’वर उघडं राहतं, हवा तेवढा वेळ सूर धरा. दुसरी ओळ आपोआप आली: मी पाहून राहिलो. पेटीवाली गाते म्हणून "राहिली" करावं लागलं. तिला वरच्या सप्तकात ‘ई’ नको होती, आवाज चिरका होतो म्हणे. दोन दिवस भांडलो. शेवटी ती ओळ खाली आणली, आणि खरं सांगायचं तर तिथंच ती जास्त लागते.

मोबाईलवरचं कच्चं रेकॉर्डिंग दादाला पाठवलं. त्यानं रूममेटला ऐकवलं, तो साताऱ्याचा. दादाचा मेसेज आला: "हा विचारतो, तो गेला आणि तिकडेच राहिला, असं ना? आणि ही नुसती बघत राहिली?"

मी तो मेसेज चार वेळा वाचला. आम्हाला म्हणायचं होतं, तू जातो आहेस आणि मी बघते आहे. बस अजून चौकातून वळते आहे, इतकंच. त्या साताऱ्याच्या माणसानं त्याच सहा शब्दांत पुढची दहा वर्षं ऐकली. एकही अक्षर बदललं नव्हतं. रोज दिवसभर बोलतो ते वाक्य, आणि त्याच्या पोटात हे बसलं होतं याचा मला पत्ता नव्हता. आईलाही नसणार. (आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.)

दुसरा अंतरा त्या मेसेजमुळे झाला. त्यात बस नाही, फक्त फोन आहे. पहिल्या मुखड्यात जे नागपुरी ऐकू येतं, ते शेवटच्या मुखड्यापर्यंत पुणेरी ऐकू यायला लागतं. बासवाला म्हणाला, हे कोणाला कळणार नाही. ड्रमर म्हणाला, त्याला तर कळलं ना बे, साताऱ्याच्याला.

पेटीवाली परत आली तेव्हा अजून एक गोष्ट झाली. गिटारी पेटीला लावल्या आणि धडधड नाहीशी झाली. पेटी चढी, कूलरही चढा. दोघं जवळजवळ एकाच सुरात, मध्ये फक्त सप्तकाचं अंतर. ट्यूनरच्या हिशेबानं आमचा ए, म्हणजे ज्या सुरावर वाद्यं लावतात तो, ४४० हर्ट्झच्या जागी ४४९च्या आसपास गेला होता. ड्रमर वैतागला, "माहा मेट्रोनोम मारला तुम्ही." पण टेम्पो त्याच्या हातात बसला होता. आता कूलर खाली षड्ज धरून बसायचा आणि आम्ही त्याच्यावर वाजवायचो. संपूर्ण जून असाच गेला. आम्हाला कळलंही नाही की आम्ही पाच जण झालो होतो.

मग स्टुडिओ. नाव लिहीत नाही, माणूस भला होता, चहाही चांगला पाजला. एसी खोली, भिंतींना फोम. त्यानं सांगितलं, पेटी ट्यूनमध्ये नाही, तिचा सॅम्पल की-बोर्डवरून टाकू. गिटारी ४४०ला लावा. कानात १२०चा क्लिक. चार तासांत गाणं झालं. घरी येऊन हेडफोननं ऐकलं तर एकही सूर चुकलेला नव्हता, आणि ते गाणं दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. पेटीवाली काहीच बोलली नाही. तिनं हेडफोन काढून वायर गुंडाळली, अगदी नीट, जशी ती भात्याचा पट्टा गुंडाळते.

आम्ही आठ दिवस एकमेकांना दोष दिला. मी म्हणालो गायकी थंड झाली, बासवाला म्हणाला गिटार जास्त गोड झाली. मग मेमधलं मोबाईलचं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला सात सेकंद कोणीच वाजवत नाही, फक्त कूलर आहे. त्या सात सेकंदांतच गाणं सुरू झालेलं होतं.

म्हणून आज. बाबा दुपारी झोपल्यावर मी आणि ड्रमरनं कूलरचा प्लग परत लावला. पंप नाही, पाणी नाही, ताट्या नाहीत, नुसता पंखा आणि मोटर. ताट्यांशिवाय हवा जरा जास्त सुसाट येते, माइकवर फडफड व्हायला लागली, म्हणून समोर गादी उभी केली. पेटी डावीकडे, माइक एकच. पहिला टेक चालू असताना टिनावर पाऊस आला. टिनावरचा पाऊस म्हणजे चणे भाजल्यासारखा आवाज, त्यात काही रेकॉर्ड होणं शक्य नाही. पाऊण तास बसून राहिलो. बासवाल्यानं कांद्याची भजी आणली. तेलकट हातानं ड्रमरनं स्टिक धरल्या आणि एक थेट पेटीवर उडवली, त्यावरून जे झालं ते लिहीत नाही.

दुसरा टेक बरा. तिसरा खरा. पेटीवालीनं डोळे मिटले होते. शेवटच्या मुखड्यात "राहिला"वर ती थांबली, आमच्यापैकी कोणीच वाजवत नव्हतं, खाली फक्त मोटर, आणि बरोब्बर त्या जागी शेजारच्या काकूंचा भिंतीपलीकडून आवाज, "अवं, पावसात कूलर काऊन लावला यायनं?"

टेकमध्ये स्वच्छ ऐकू येतं. बासवाला म्हणतो ठेवायचं. पेटीवाली म्हणते मरून जाईन पण ठेवणार नाही. ड्रमरला काकूंची लय आवडली, मुखड्याच्या चालीत बसते म्हणतो. मी अजून काही बोललो नाही. बुधवारी पुन्हा ऐकायचं ठरलंय, तोवर बाबांना ताट्या का ओल्या झाल्या हे सांगायचं आहे.