टायटन्सचं पुनर्वाचन : अंक २६ ते ४४, आणि टेरा

मागच्या नोंदीत पंचविसाव्या अंकापर्यंत आलो होतो. त्यानंतरच्या दीड महिन्यात एकोणीस अंक आणि एक वार्षिक अंक वाचून झाले. रात्रीची जेवणं आटोपली की एक अंक, असा नेम होता. अडतिसाव्या अंकाने तो मोडला. त्या एकट्यावर चार रात्री गेल्या.

नव्याने सोबत आलेल्यांसाठी : अमेरिकेतल्या डीसी या कॉमिक्स प्रकाशनाची 'द न्यू टीन टायटन्स' ही तरुण सुपरहिरोंच्या गटाची मालिका १९८० साली सुरू झाली. लेखन मार्व्ह वुल्फमन, पेन्सिल जॉर्ज पेरेझ, बहुतेक अंकांची शाई रोमिओ टँघल, रंग एड्रियन रॉय. रॉबिन, वंडर गर्ल, किड फ्लॅश आणि चेंजलिंग ही आधीची मंडळी. सायबॉर्ग, स्टारफायर आणि रेव्हन नव्याने घडवलेले.

या टप्प्याची नायिका, किंवा खलनायिका, टेरा, माती-दगड हलवण्याची शक्ती असलेली मुलगी. सव्विसाव्या अंकात ती स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर हल्ला करताना दिसते आणि चेंजलिंग तिला अडवतो. अतिरेक्यांच्या धाकाने आपण हे करतोय, असं ती सांगते. टायटन्स तिला घरात घेतात. पहिल्यांदा वाचताना मीही तिला घरात घेतलं होतं.

या वेळी शेवट ठाऊक होता, म्हणून ती ज्या ज्या चौकटीत आहे तिथे थांबत गेलो. लपवाछपवीच्या खुणा सापडतील असं वाटलं होतं. सापडलं ते उलटंच. टेरा तिचा राग लपवतच नाही. ती तुसडं बोलते, चेंजलिंगला टाकून बोलते, कुणी माया केली की अंग चोरते. सगळं उघड्यावर आहे. फक्त पेरेझने तिला पुढे आलेले दात आणि भाबडा चेहरा दिलाय, त्यामुळे तो राग आपण पोरवयाच्या हट्टात जमा करतो. ती पहिल्यापासून फितूर ठरवूनच घडवली होती, हे जाणून वाचलं की ही रेखाटनं थक्क करतात.

चौतिसाव्या अंकाच्या शेवटी वाचकाला कळतं की ती डेथस्ट्रोकची, म्हणजे टायटन्सच्या वैरी असलेल्या भाडोत्री मारेकऱ्याची, हेर आहे. टायटन्सना कळत नाही. पुढचे कितीतरी अंक आपण एकटे ते गुपित बाळगून बसतो.

आणि नेमका याच काळात येतो अंक ३८, जानेवारी १९८४ चा. डॉना ट्रॉय, म्हणजे वंडर गर्ल, कोण, कुठली, तिचे आईवडील कोण, हे शोधायला डिक ग्रेसन, म्हणजे रॉबिन, निघतो. अख्ख्या अंकात एकही मारामारी नाही. जळलेल्या घराचा माग, एक जुनी बाहुली, म्हातारी माणसं, त्यांच्या आठवणी. पेरेझ पानावर लहान लहान चौकटी दाटीने बसवतो आणि प्रत्येकीत चेहरा किंचित बदलत नेतो. मैत्रिणीसाठी डिक जे करतो ते भावाने करावं तसं. माझ्याकडे या अंकाची मूळ प्रत आहे, भाच्याने अमेरिकेहून येताना आणलेली. पुनर्मुद्रित संग्रहाच्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर रॉय यांचे रंग भडक वाटतात. जुन्या पिवळट कागदात ते मुरलेले आहेत. शक्य असेल त्यांनी हा एक अंक तरी मूळ रूपात पाहावा.

पूर्वी मला ३८ ही मधली विश्रांती वाटायची. आता वाटतं, 'द ज्यूडस कॉन्ट्रॅक्ट' (टेराच्या फितुरीची, वार्षिक अंकात संपणारी कथा) मधला घाव बसतो तो याच अंकामुळे. ही माणसं एकमेकांची कोण आहेत हे आपण इथे पाहतो, आणि त्याच घरात टेरा डोळ्यांतल्या लेन्सच्या कॅमेऱ्याने सगळ्यांची चित्रं टिपतेय.

एकोणचाळिसाव्या अंकात डिक रॉबिनचा वेश उतरवतो, वॉलीही किड फ्लॅशपण सोडतो. चव्वेचाळिसाव्यात डिक नाइटविंग म्हणून उभा राहतो आणि डेथस्ट्रोकचा मुका मुलगा जेरिको गटाला येऊन मिळतो. नाइटविंगच्या त्या पानाबद्दल सगळेच बोलतात. मी जेरिकोच्या हातांच्या खुणांवर जास्त रेंगाळलो.

वार्षिक अंकाशी मात्र माझं भांडण आहे. टेरा स्वतःच कोसळवलेल्या दगडांखाली मरते, आणि निवेदन म्हणतं की तिच्या वेडाला तिच्याखेरीज कुणीही जबाबदार नाही. मुलगी सोळाची. तिला वापरणारा डेथस्ट्रोक तिच्या बापाच्या वयाचा, आणि त्यांचं नातं कसलं हे कथेनेच सुचवलेलं. त्याला कथेत हळूहळू सन्मान मिळत जातो, तिच्या वाट्याला तो ठपका येतो. चित्रांत तिचा चेहरा इतका एकटा आहे की ते वाक्य चित्रंच खोटं पाडतात. पेरेझची रेषा मला जास्त खरी वाटते.

पुढचा क्रम ठरलाय. ऑगस्ट १९८४ पासून चांगल्या कागदावरची दुसरी मालिका समांतर सुरू होते, पण आधी जुनीच अठ्ठावन्नाव्या अंकापर्यंत संपवणार. वाटेत ५० मध्ये डॉनाचं लग्न, आणि ५५ मध्ये चेंजलिंग आणि डेथस्ट्रोक समोरासमोर. ५५ पुन्हा वाचायची मला थोडी धास्तीच वाटतेय.