लू पाहायला ग्वाल्हेरला

ग्वाल्हेर थंडीत पाहावे, असा सर्वांचा सल्ला असतो. मला तिथली लू, म्हणजे उन्हाळ्यातला उष्ण, कोरडा वारा अनुभवायचा होता, म्हणून मे महिन्यात शहराच्या लष्कर या भागात मावशीकडे उतरलो. भर दुपारी किल्ल्यावर निघालो तेव्हा तिने कैरीचे पन्हे पाजले, खिशात कांदा कोंबला आणि कान बांधल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. इतक्या मायेचा मला थोडा जाचच होतो.

गुजरी महालाकडून चढणारी वाट किल्ल्याच्या पूर्व अंगाला आहे. कड्याच्या आडोशामुळे तिथे ऊन पोळत होते, पण वारा जाणवत नव्हता. हत्ती पोळ या दरवाजाशी पोहोचून मानमंदिर राजवाड्याच्या भिंतीवरची पिवळी बदके पाहायला मान वर केली, तोच पश्चिमेकडून असा झोत आला की डोळ्यांतले पाणी जागीच सुकले आणि ओठांना भेगा पडल्यासारखे वाटले.

शाळेतल्या भूगोलाप्रमाणे २६ अंश उत्तर अक्षांशावर वारा ईशान्येचा हवा. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवांकडे निघते, ३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि जमिनीलगत परत फिरते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, म्हणून हे व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलाने १७३५ मध्ये या मांडणीचा पाया घातला. मे महिन्यात मात्र आपली भूमी इतकी तापते की हे वेळापत्रक इथे कोलमडते. सिंध-राजस्थानवर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, त्याचा लांबट पट्टा गंगेच्या मैदानाकडे पसरतो आणि त्याच्या दक्षिण अंगाने थर वाळवंटावरची कोरडी हवा पूर्वेकडे धावते. दुपारी तापलेली जमीन ही हवा खालवर घुसळते, त्यामुळे उंचावरचा वेग थेट आपल्या तोंडावर येतो. रात्री हे घुसळणे थांबते आणि वारा पडतो.

पुढे याच कमी दाबाच्या ओढीने दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळून नैर्ऋत्य मोसमी वारे होतात आणि अरबी समुद्रावरची ओल घेऊन येतात. तेव्हा लूला नावे ठेवणाऱ्या कोकणकरांनी जरा दमाने घ्यावे.

दतिया आणि ओरछा पाहिले. राजवाडे सुंदर, खोल्या महाग.

खरा आराम मावशीच्या जुन्या वाड्यातच मिळाला. पश्चिमेच्या खिडक्यांना खसच्या टट्ट्या, म्हणजे वाळ्याच्या मुळांचे पडदे, लावून त्यांवर पाणी मारले की लूच पंख्याचे काम करते: कोरडी हवा ते पाणी झपाट्याने शोषते, त्यात तिची उष्णता खर्ची पडते आणि आत गार, सुवासिक झुळूक येते. मुंबईच्या दमट हवेत टट्टी नुसती ओली राहिली असती. मावसभाऊ आता एसी बसवायचे म्हणतो. मी कडाडून विरोध केला, तेव्हा त्याने शांतपणे पाण्याची बादली माझ्या हातात दिली.