फोन उचलला गेला, पण ऐकला कोणी? जांबोटीच्या पुढे चार दिवस

गेल्या फेब्रुवारीत खानापूर तालुक्यातील जांबोटी आणि कणकुंबी यांच्या दरम्यानच्या एका वाडीत आम्ही तिघे चार दिवस मुक्कामाला होतो. परदेशी निधीवर चालणाऱ्या एका प्रकल्पातून तेथील भात आणि काजू पिकवणाऱ्या कुटुंबांना दर आठवड्याला फोनवर ध्वनिमुद्रित शेतीसल्ला ऐकवला जातो. त्या प्रकल्पाचे मूल्यमापन गावकऱ्यांबरोबर बसून करणे हे आमचे काम होते. अशाच कामासाठी या भागात येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याने जाताना साधी गाडीच धरावी, कारण गोव्याच्या जलद गाड्या वाडीच्या फाट्यावर थांबतीलच असे नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना साध्या गाड्यांत तिकीट पडत नाही. आमच्या कोल्हापूरच्या सहकारी बाईंना मात्र ओळखपत्र पाहून तिकीट काढावे लागले, आणि त्यावरून गाडीभर झालेल्या चर्चेत आमची निम्मी ओळख वाडीत पोहोचण्याआधीच झाली. पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत किंवा सुगीत इकडे येऊन कोणाचा वेळ मागू नये. फेब्रुवारी बरा, कारण मार्चपासून काजूची गडबड सुरू होते. पोहोचताच पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटावे आणि सोबतचे पत्र कन्नडमध्येही असावे.

पहिला दिवस आमच्याच चुकीने वाया गेला. सकाळी अकराला देवळापुढे बोलावलेल्या बैठकीला पुरुष आले. बायका मात्र खांबांआड बसल्या आणि अर्ध्या तासात गुरांकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही रात्रीच्या जेवणानंतर एका घराच्या अंगणात जमलो आणि खरे काम तेथे सुरू झाले. सहभागी पाहणीच्या या पद्धती कर्नाटकाला नव्या नाहीत. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्या नावाशी जोडलेली ही रीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस मायराडा या संस्थेने याच राज्यातील खेड्यांत वापरली होती. जमिनीवर नकाशा, बियांनी मोजणी आणि भरपूर बोलणे, एवढीच तिची सामग्री.

आम्ही रांगोळी पुढे ठेवली. पुरुषांनी आदल्या दिवशी काढलेल्या नकाशात रस्ता, देऊळ आणि सोसायटी होती. बायकांनी झरा काढला आणि त्याच्या वर, फणसाच्या झाडाखाली, एक टिंब ठेवले. ते कशाचे, असे विचारल्यावर कळले की वाडीत रेंज फक्त तेथेच खात्रीने मिळते. मग आम्ही वीस चिंचोके दिले आणि विचारले, संदेश आला की तो घरात कोण ऐकते? एका आजींनी चार चिंचोके मुलाच्या खुणेवर ठेवले, सुनेच्या खुणेवर एकही नाही, आणि उरलेली मूठ नातवाच्या खुणेवर रिकामी केली. "सुरुवातीला गाणं वाजतंय की, ते ऐकायला धावतोय," असे त्यांनी सांगितले. प्रकल्पाच्या सर्व्हरवर हा फोन 'पूर्ण ऐकला' असा नोंदला जातो.

दुसरी अडचण शब्दांची निघाली. संदेश मराठीतच होता, पण त्यात तण काढण्यासाठी निंदणी हा शब्द होता. येथे तिला भांगलण म्हणतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मराठी येते म्हणून भागत नाही. ते आधी याच अंगणात ऐकवून घ्यायला हवे होते.

हे केवळ या वाडीचे दुखणे नाही. हुबळी-धारवाडमध्ये नळाला पाणी कधी येणार हे एसएमएसने कळवणारी नेक्स्टड्रॉप ही सेवा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर अवलंबून होती. पुढे बेंगळुरूत तिचा अभ्यास झाला, तेव्हा त्या कर्मचाऱ्यांकडून वेळेवर माहिती येण्यातच खंड पडत असल्याचे दिसले. यंत्रणेची कळ ज्या माणसाच्या हाती आहे, त्याला मोजणी ठरवतानाच बोलावले पाहिजे, असे माझे मत या वाडीने पक्के केले.

तिसऱ्या दिवशी आम्ही बदलाच्या गोष्टी गोळा केल्या. १९९०च्या दशकात बांगलादेशात रिक डेव्हिस यांनी बसवलेल्या या पद्धतीत लोक आपापल्या अनुभवातला सर्वांत मोठा बदल सांगतात आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता हे कारण देऊन निवडतात. निवड वाडीनेच करावी, असा आमचा आग्रह होता. ती दोन तास चालली. काजूवरच्या फवारणीची गोष्ट मागे पडली. निवडली गेली ती एका बाईंची, ज्यांनी संदेश ऐकण्यासाठी म्हणून नवऱ्याकडून आठवड्यातून एकदा फोन मागून घेतला आणि त्याच फोनवरून माहेरी बोलल्या. देणगीदारांच्या तक्त्यात या बदलाला रकाना नाही.

अहवाल वाडीला वाचून दाखवायला एक दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. चौथ्या दिवशी आम्ही कच्चा अहवाल अंगणात वाचून दाखवला. 'महिलांना फोन वापरता येत नाही' या वाक्यावर मागून आवाज आला, "वापरता येतोय. हातात मिळत नाही." वाक्य तिथल्या तिथे खोडून तसे लिहिले. अहवालाची एक प्रत मराठीत अंगणवाडीत आणि एक कन्नडमध्ये पंचायतीत ठेवली, आणि दुपारच्या गाडीने बेळगावला परतलो.