काहीच नाही वाटलं

“काहीच नाही वाटलं गं आत्या.”

गौरी जेवल्या त्या दिवशी मनू हे बोलली. आता मखर सुटं होऊन माळ्यावर गेलं, दादा-वहिनी गेले, मनूही गेली, पण ते वाक्य काही जात नाही. भांडी पुसताना आठवतं, ऑफिसात शिक्के मारताना आठवतं. कुणी भांडलं नाही की कुणाला लागेल असं कुणी बोललं नाही. मी नारळ खोवत होते, ती शेजारी पाटावर बसून खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकत होती. मनू नुकतीच खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात जाऊन आली होती, नायट्रो हा तिथला मोठा रोलर कोस्टर. मी सहज विचारलं, नायट्रोला बसलात ना गं? बसलो, म्हणाली. शेवटच्या रांगेत? कुठेतरी मध्ये. मग, कसं वाटलं? तर हे. आणि परत फोनमध्ये डोकं.

विळीवर माझा हात चालतच राहिला. खोबऱ्यात करवंटीचं तपकिरी यायला लागलं, आईने हटकलं, तेव्हा वाटी बाजूला ठेवली.

मला कळत नाहीये की यात इतकं काय आहे. मुलगी वीस वर्षांची, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर खोपोलीला गेली, मजा करून आली. बरंच झालं की. पण हे मनूने म्हणावं? लहानपणी गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये झिपर डिपरवर, म्हणजे तिथल्या छोट्या रोलर कोस्टरवर, माझ्या शेजारी बसली तेव्हा पाय खाली टेकत नव्हते तिचे. गाडी उतरेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. परतताना बोटीत मी तिला नखांच्या खुणा दाखवल्या, तर त्यावर फुंकर घालत बसली आणि मार्व्याचा धक्का आला तेव्हा म्हणाली, “आत्या, उद्या परत?” त्या ‘परत’वर मी किती वर्षं काढली! आपल्या घरात हे वेड असलेलं आणखी कुणीतरी आहे, एवढंच मनात धरून.

इथे कुणाशी बोलणार? शेजारच्या वहिनींना रोलर कोस्टर म्हटलं की जत्रेतला आकाशपाळणा आठवतो. ऑफिसात विचारतात, रजा कशाला, तर मी ‘पालीला दर्शनाला’ सांगते. ते खोटंही नाही. वाकण फाट्याहून आत वळलं की आधी पाली लागते, बल्लाळेश्वराला हात जोडायचे आणि त्याच रस्त्याने पुढे खोपोलीच्या बाजूला गेलं की इमॅजिका. पण पुढचं सांगायला माणूस नाही. मनू होती. आता मनूलाच काही वाटत नाही.

काल रात्री झोप येईना तेव्हा मी तिच्या बाजूने विचार करून पाहिला. मधली रांग! तिथेच तर सगळं आहे. एकाच गाडीत बसलेल्या माणसांची फेरी एक नसते. पुढच्या रांगेतली माणसं माथा ओलांडून उताराच्या तोंडाशी येतात, पण निम्मी गाडी अजून मागे चढावर असते, म्हणून ती तिथे क्षणभर लटकतात, खालचं सगळं बघत. मागच्या रांगेचं उलटं. त्यांचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढची गाडी उताराला लागून सुसाट सुटलेली असते, ती यांना खेचूनच पलीकडे नेते. बूड सीटवरून उठतं. त्याला आम्ही लोक एअरटाइम म्हणतो आणि त्याच्यासाठी शेवटच्या रांगेला अर्धा तास जास्त उभे राहतो. मधल्या रांगेला ना पुढचं लटकणं, ना मागची खेच. शिवाय त्या मुली जुलैत गेल्या, पावसाळी हवेत, आणि बहुतेक सकाळी सकाळी. चाकं आणि वंगण गार असलं की गाडी आळसावलेली असते. दुपारी ऊन खाल्ल्यावर तीच गाडी तोच मार्ग जास्त जोरात घेते. म्हणजे बिचारीला नायट्रो खरी मिळालीच नाही.

असं सगळं जुळवलं आणि पाच मिनिटं बरं वाटलं. पण हे खरं नाही. १३२ फुटांवरून ताशी १०५ किलोमीटरने खाली, पाच वेळा उलटं, आणि पायाखाली फळी नाही. स्टेशनातून निघायच्या आधी पायाखालची जमीन दुभंगून सरकते आणि चपला काढलेले पाय नुसते लोंबत राहतात. मधल्या रांगेतही ‘काहीच’ नाही वाटणार असं होत नाही.

मग काय झालं?

मला आवडणाऱ्या रोलर कोस्टरांची यादी मी कधी कागदावर केली नाही. मनात मात्र त्यांचे नंबर ठरलेले आहेत, आणि कुणाला चमत्कारिक वाटेल, पण पहिला नंबर नायट्रोचा नाही. गोराईच्या हूला लूपचा आहे. गोराईचं ते पार्क १९८९ ला सुरू झालं आणि २०२२ ला बंद झालं. आज जाऊन बसायचं म्हटलं तर बसता येत नाही. नायट्रोपुढे तो लहानच. पण साखळी गाडीला वर ओढते त्या चढावर जो कट्-कट्-कट् आवाज होतो तो मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकला. तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी तुटतंय. पुढे कधीतरी वाचलं की तो आवाज खिटीचा असतो. चढावर मधोमध दातेरी पट्टी असते, गाडीच्या पोटाखालची खिटी तिच्या एकेका दात्यावर पडत जाते. साखळी तुटलीच तर गाडी मागे घरंगळू नये, जागच्या जागी अडकून राहावी, म्हणून. ज्या आवाजाने पोटात गोळा येतो तोच आवाज आपल्याला धरून असतो. हे कळल्यावर माझी भीती कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. वाढलीही नाही. तिला खोली आली, एवढंच म्हणता येईल.

दुसरा नंबर बंगळूरच्या वंडरला पार्कातल्या रिकॉइलचा. तिथे गाडी पाठीमागच्या बाजूने वर ओढतात आणि सोडून देतात. सगळी वळणं उलटीपालटी घेत ती समोरच्या टोकाला चढते आणि मग तीच वाट पाठमोरी. जाताना जे दिसलेलं असतं तेच परतताना दिसत नाही. पुढे काय आहे ते ठाऊक असून शरीराला ते ठाऊक नसतं. मी तिथून उतरले आणि बाकावर बसून रडले. वाईट वाटून नव्हे. दादा सोबत होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही विचारलं नाही. दादाचं तेव्हाचं वागणं आणि आता गणपतीत कागद घेऊन आला तेव्हाचं… जाऊ दे, ते आज नको.

तर भीती. ती झिजते का? मनूची झिजली, तशी माझीही झिजणार का? खरा प्रश्न हाच असावा, कारण हे लिहिताना हात थांबला.

शरीराला वेग कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव जरा मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदू समजतो की आपण वळतोय. त्याच गतीने गोल फिरत राहिलो तर थोड्या वेळाने द्रवही आपल्याबरोबर फिरू लागतो, आणि मग फिरत असूनही फिरतोय हे कळत नाही. उंचीचंही तसंच. रत्नागिरी सोडून गाडी निवसरकडे निघाली की पानवल नदीचा पूल लागतो. ६४ मीटर उंच. नायट्रोचा माथा कसाबसा ४० मीटर. म्हणजे दीडपट उंचीवरून आपण जातो आणि डब्यात माणसं वडापावचा कागद उलगडत असतात. मीसुद्धा. कुणालाच काही वाटत नाही.

सगळ्यात मोठं, सगळ्यात उंच, हे मी फक्त फोनवर पाहिलेलं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीचा ‘किंगडा का’. ४५६ फूट, २००५ मधला. एकेकाळी जगातला सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान. २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून तो पाडला. तो व्हिडिओ मनूनेच पाठवला होता मला, खाली रडणारे चेहरे टाकून. मी किती वेळा पाहिला असेन. एवढा मनोरा, आणि बसला की सेकंदांत खाली. त्या रात्री आम्ही तासभर फोनवर बोललो. त्याचं वाईट वाटलं म्हणजे तिला वाटतं. तेव्हा तरी वाटत होतं.

उलट पेनसिल्व्हेनियात एक लाकडी आहे, लीप-द-डिप्स, १९०२ मधला. जगात टिकून राहिलेला सर्वांत जुना. त्याचा मोठ्यात मोठा उतार नऊ फूट. नऊ! आमच्या पडवीचं छप्पर त्याहून उंच असेल. वेग सायकलचा. पण त्याला रुळाखालून पकडणारी चाकं नाहीत. ती जॉन मिलरने आणली, १९१९ मध्ये. तोपर्यंत गाडी रुळावर नुसती ठेवलेली असे. म्हणून लीप-द-डिप्सच्या त्या नऊ फुटांतही माणसं सीटवरून उचलली जातात म्हणे. मला तिथे एकदा बसायचंय. जमेल असं नाही, पण बसायचंय.

आणि वर्तुळाचं तर मी मनूला किती वेळा सांगितलंय. अमेरिकेतली सुरुवातीची उलटी फिरणारी कडी १८९५ च्या सुमारास कोनी आयलंडला केली ती खरोखरची गोल होती, आणि कडीत शिरताना माणसांच्या मानांना हिसके बसायचे. १९७६ ला कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ आला तेव्हा वेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरने कडी खाली रुंद आणि वर निमुळती केली, पाण्याच्या थेंबासारखी. म्हणजे आत शिरताना भार हळूहळू वाढतो. कुणीतरी टेबलाशी बसून आकडेमोड केली की माणसाला भीती तर वाटावी, पण मान दुखू नये. इतकी काळजी कुणी कुणाची घेतं? म्हणून ते ‘काहीच नाही वाटलं’ मला झोंबलं. आपल्यासाठी कुणी इतक्या निगुतीने केलेलं असताना ते असं बाजूला सारायचं?

हे सगळं लिहून झालं आणि आता परवाचं आठवतंय. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मनू मला गाडीवर मागे बसवून वेळणेश्वरला घेऊन गेली. तो उतार मी जन्मभर पाहतेय. ती ब्रेकला हात न लावता निघाली. शेवटच्या वळणाआधी रस्ता जरासा उचललेला आहे, तिथे गाडी वर गेली आणि खाली आली, आणि मधल्या त्या अर्ध्या क्षणात माझं पोट जागेवर राहिलं नाही. मी ओरडले. अगदी मोठ्यांदा. कोपऱ्यावरच्या घरातून कुणीतरी बाहेर आलं. मनू नुसती हसत होती. खाली देवळापाशी गाडी लावली, मागे वळून म्हणाली, “काय गं आत्या, एवढी नायट्रोवाली तू!” माझे पाय थरथरत होते आणि मला इतकं छान वाटत होतं की तिला रागवायचंही सुचलं नाही.

ना पट्टा, ना खिटी, ना श्टेंगल. फक्त पोरीचा खांदा. आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं, कारण हँडल तिच्या हातात होतं.

आता जरा मोकळं वाटतंय. तिच्या आयुष्यात आता हँडल तिच्या हातात यायचे दिवस आहेत. डोंबिवलीहून रोज ती ज्या लोकलला लोंबकळत जाते, ज्या परीक्षेचा निकाल लागायचाय, तो जो कोण मुलगा आहे, ज्याचं नाव वहिनी माझ्यासमोर घेत नाही, तिच्या पोटातले गोळे तिकडे असतील. खोपोलीला ती गेली असेल ती आराम करायला. बिनघोरपणे उलटं टांगून घ्यायला. तसंही बसतात माणसं, आणि त्यांची फेरी खोटी असते असं मला म्हणता येणार नाही.

माझी मात्र तशी नाही. मला अजून वाटतं. माथ्यावर साखळी सुटते आणि सगळे आवाज थांबतात, तेव्हा मला दरवेळी वाटतं की या वेळी मी नको होतं यायला. आणि खाली आल्यावर वाटतं, बरं झालं आले. इतकी वर्षं झाली तरी यातलं काही कमी झालेलं नाही. हे आज लिहिताना ताडून पाहिलं, नाही झालेलं.

आईला संध्याकाळी म्हटलं, दिवाळीनंतर एकदा खोपोलीला जाऊन येते. “मनू येणार नाही तर कशाला जायचं गो एकटीने?” मी म्हटलं, बसायला. ती काही बोलली नाही, वातींचा कापूस पुढे ओढला.

शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, ती नवीन गोळी सुरू झाल्यापासून. राइडच्या तोंडाशी पाटी असते तिच्यावर रक्तदाबाची ओळ आहे. आजवर ती मी दुसऱ्यांसाठी वाचत होते. ते विचारून घेईन, आणि ते जे सांगतील ते ऐकेन. नाही म्हणाले तर… ते तेव्हा बघू.

हो म्हणाले तर पहाटेच निघायचं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो. मनूला मेसेज टाकलाय: नोव्हेंबर, मधला वार, शेवटची रांग, तू खोपोली लोकलने ये, स्टेशनवर घेते. तिचं उत्तर आलं, “बघते गं.” बघू दे तिला. मधला वार मी धरलाय तो गर्दी नसते म्हणून. शेवटच्या रांगेसाठी थांबलं तरी दुपारच्या उन्हात आणखी एक फेरी मिळते.